पहारेकऱ्याचं पुढे काय झालं

मुलांच्या पुस्तकाचा अर्थ मुलांना आपोआप कळतो असं म्हणणारी माणसं मला पहिल्यापासून आवडत नाहीत. मी तेवीस वर्षं सिल्वासाच्या एका मराठी शाळेत मराठी शिकवलं. मुलांना काय कळतं ते मी रोज लाल शाईनं तपासलेलं आहे. त्यांना काही कळत नाही. सांगावं लागतं, आणि सांगितलेलं घोकून घ्यावं लागतं. सोनी माझ्या वर्गात येईपर्यंत मी हे अगदी छातीठोकपणे सांगत असे.

माझं नाव मालती पाध्ये. मूळची गुहागरची. नोकरीसाठी इथं आले, लग्न केलं नाही, आणि शाळेत मला सगळे टरकून असतात हे मला चांगलं माहीत आहे. ते मला आवडतंही. गावात माझी दुसरी ओळख अशी की 'सूतराणीचा महाल' या पुस्तकावर मी पुस्तिका लिहिली आहे. चाळीसच पानांची आहे, पण आमच्या मराठी मंडळात तिचा शब्द शेवटचा मानतात. मंडळात वाद घालणारं कुणी नाही, हेही त्याचं एक कारण असेल.

पुस्तक साठ वर्षांपूर्वीचं. यमू नावाची मुलगी हरवलेल्या भावाला शोधत रानातल्या महालात जाते. तिथं सूतराणी राहते. येईल त्या मुलाच्या मनगटाला राणी धागा बांधते. हिरवा धागा असलेली मुलं बाहेर रानात जाऊन कापूस वेचून आणतात. लाल धागा असलेल्यांनी जन्मभर आत बसून सूत काढायचं. यमूला लाल धागा मिळतो. शेवटी ती जिवावर उदार होऊन दाराशी येते. दारात म्हातारा पहारेकरी. पुस्तकात एवढंच लिहिलंय: 'पहारेकऱ्यानं धागा बोटांनी चाचपला, दिव्याजवळ धरला आणि म्हणाला, हिरवा. जा.' यमू सुटते.

तीन वर्षांपूर्वी त्यावर चित्रपट आला. त्यात पहारेकऱ्याला लांब पांढरी दाढी आहे, तो यमूकडे बघून ढसाढसा रडतो, गाणं म्हणतो आणि स्वतःच्या हातानं तिचा लाल धागा तोडतो. चित्रपटगृहात बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मीही लावला. कारण माझ्या पुस्तिकेत हेच लिहिलं होतं, चित्रपट यायच्या किती तरी आधी. सूतराणी म्हणजे मोह, चरखा म्हणजे संसार, धागा म्हणजे ममत्व आणि पहारेकरी म्हणजे करुणा. ही चार वाक्यं माझा वर्ग झोपेतून उठवला तरी म्हणून दाखवायचा.

सोनी दहावीत होती. तिचे वडील भिका खानदेशातल्या पारोळ्याकडचे, इथं जवळच्या खडोलीतल्या एका सूत कंपनीत कामाला. आई भीमाबाई तिथंच पॅकिंगमध्ये. कंपनीच्या मागच्या चाळीत एक खोली. मुलगी काळीसावळी, हडकुळी, आणि मान वर करून बोलणारी. मला मान वर करून बोलणारी मुलं खपत नाहीत. तिच्यात दुसरी खोड अशी की ती पुस्तक खरोखरच वाचायची.

मी चार वाक्यं फळ्यावर लिहून दिली त्या दिवशी तिनं हात वर केला.

"मॅडम, पहारेकऱ्याला दया आली असती तर तो नुसतं 'जा' म्हणाला असता ना?"

"मग?"

"मग 'हिरवा' कशाला म्हणाला? धागा तर लाल आहे. आणि दिव्याजवळ कशाला धरला? दया यायला दिवा कशाला लागतो?"

मागच्या बाकावरचा ओंकार फिस्सकन हसला. मी पुस्तक मिटलं.

"मग तुझ्या मते काय?"

"मॅडम, त्याला रंग दिसत नसणार. त्याला तो धागा खरंच हिरवा वाटला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तेवीस वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतःलाही विचारलं नव्हतं, आणि राग त्याचाच होता. मी तिला बाकावर उभं केलं. म्हणाले, "साठ वर्षं विद्वानांनी या पुस्तकावर डोकं झिजवलं, त्यांच्यापैकी कुणालाही कळलं नाही ते खडोलीच्या चाळीत कळलं. वाजवा टाळ्या." वर्गानं टाळ्या वाजवल्या. ती तास संपेपर्यंत उभी राहिली. तेव्हापासून मुलं तिला 'आंधळा पहारेकरी' म्हणायला लागली. मी ते ऐकत होते. थांबवलं नाही.

त्या वर्षी मंडळाच्या 'पुस्तक आणि पडदा' स्पर्धेला 'सूतराणीचा महाल'च ठेवलं होतं. पुस्तकातल्या आणि चित्रपटातल्या प्रतीकांवर दहावीच्या मुलांनी बोलायचं. जिंकेल त्याची अकरावी-बारावी मंडळ करून देणार होतं, नाशिकच्या वसतिगृहात राहण्या-जेवणासकट. शिवाय त्याच कार्यक्रमात माझ्या पुस्तिकेबद्दल माझा सत्कार व्हायचा होता. हातात स्पर्धेची ढाल आणि खांद्यावर शाल एकाच दिवशी यावी, असं माझ्या मनात होतं. लपवून काय करायचं?

तयारीसाठी मी निवडक मुलांना एक वही करायला सांगितली. आपल्या घरातली एक गोष्ट घ्यायची आणि ती कशाचं प्रतीक आहे ते लिहायचं. म्हणाले, "घरचं काहीही लिहा. वही माझ्यापाशी राहील, मी कुणाला दाखवत नाही." मुलांनी तुळस, देव्हारा, आजोबांची काठी असलं लिहून आणलं. सोनीनं दीड पान लिहिलं होतं. मी ते शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता वाचलं.

तिनं लिहिलं होतं की बाबांच्या कंपनीत सगळं सूत पांढरं असतं. वेगवेगळ्या लॉटचं सूत डोळ्यांना ओळखू येत नाही, म्हणून ते वेगवेगळ्या रंगांच्या कागदी नळ्यांवर गुंडाळतात. लाल नळीचा लॉट हिरव्यात मिसळला तर तेव्हा काहीच दिसत नाही. पुढे कुठेतरी कापड विणून होतं, रंगात बुडवतात आणि मग त्यावर पट्टे उठतात. तेव्हा कंपनी माणूस शोधून काढते. म्हणून सूतराणीचा धागा म्हणजे ममत्व नाही. मुलं सगळी सारखीच असतात, ती मिसळू नयेत म्हणून राणी धागा बांधते.

आणि खाली लिहिलं होतं: 'माझ्या बाबांना लाल आणि हिरवा एकच दिसतात. ते नळी हातात घेऊन दिव्याजवळ धरतात आणि बोटं फिरवतात, पण बोटांना रंग कळत नाही. शेजारच्या मशीनवरचे समाधानकाका त्यांना खोकी लावून देतात, डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा. काका सुट्टीवर असले की बाबा जेवत नाहीत. हे कंपनीत कुणालाच माहीत नाही. मागच्या वर्षी लॉट मिसळला म्हणून एकाला त्याच दिवशी काढलं. पुस्तकातला पहारेकरी माझ्या बाबांसारखा आहे. दुसऱ्या दिवशी राणीनं मुलं मोजली असतील. पहारेकऱ्याचं पुढे काय झालं ते पुस्तकात नाही आणि चित्रपटात पण नाही. तो चांगला होता म्हणून गाणं म्हणून टाकलं की मग त्याचं काय झालं ते सांगावं लागत नाही.'

चहा निवला. तिचं बरोबर आहे हे मला त्याच क्षणी कळलं. चाळीस पानांत मी जे लिहिलं होतं ते या दीड पानापुढे अगदी पोरकट होतं. दुसऱ्या एखाद्या बाईला आनंद झाला असता. तिनं पोरीला जवळ घेतलं असतं. मी लाल पेन काढलं आणि पानावर आडवं लिहिलं: 'विषयांतर.'

तरीही स्पर्धेसाठी मी तिलाच निवडलं, कारण तिच्यासारखं खणखणीत बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. तिला एकटीला बोलावून सांगितलं, "पहारेकरी म्हणजे करुणा, असंच बोलायचं. पुस्तिकेतलं पान पाठ कर. जमणार असेल तर नाव देते."

तिनं खाली बघत विचारलं, "आणि नाही बोलले तर?"

"तर नाशिक विसर."

संमतीच्या कागदावर सही करायला भिका शाळेत आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि दारातच चपला काढून उभा राहिला. मी बस म्हटलं तरी बसला नाही.

"मॅडम, पोर जितनी तं नाशिकले धाडसू," तो म्हणाला. "मी शब्द देल शे तिले. नही जितनी तं मग पॅकिंगमा. ठेकेदार भाईशी बात झाली, तिच्या आईबरोबर लाइनवर घेतो म्हणे. दोघी एक शिफ्टमध्ये राहतील."

"ती अजून सोळाचीसुद्धा नाही," मी म्हणाले.

"ठेकेदारनं विचारलं नही," तो म्हणाला.

कागद पुढे केला तेव्हा त्यानं टेबलावरच्या दोन पेनांपैकी एक उचललं आणि सही केली. सही माझ्या लाल पेनानं झाली. त्याच्या लक्षात आलं नाही. मी बघत राहिले. सोनी त्याच्या मागेच उभी होती. तिनं मला बघताना बघितलं.

स्पर्धा जानेवारीत होती, मंडळाच्या सभागृहात, सकाळी दहाला. परीक्षक म्हणून मुंबईहून केतकी राजवाडे आल्या होत्या. बालसाहित्याच्या अभ्यासक, सुती साडी, मोठा चष्मा, कुणाच्याही वाक्याच्या मध्ये न बोलणाऱ्या. पहिल्या रांगेत ढाल देणाऱ्या कंपनीचे मॅनेजर भावेशभाई बसले होते. ही भिकाचीच कंपनी. आमंत्रणपत्रिका मी लिहिली होती, त्यामुळे भावेशभाईंचं नाव मला आठवडाभर आधीपासून माहीत होतं. हे आत्ताच सांगून ठेवते. नंतर मला ते माहीत नव्हतं असं कुणाला वाटायला नको.

भिका मागच्या भिंतीला टेकून उभा होता. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण साहेब बसलेत तिथं तो बसणार नव्हता.

आमच्या मंडळाची एक जुनी पद्धत आहे. मुलाचं भाषण झालं की त्याच्याच शाळेच्या शिक्षकानं उठून त्याला एक प्रश्न विचारायचा. त्याला पाठीराखा प्रश्न म्हणतात. तो आधीच ठरलेला असतो, उत्तरही घोटून घेतलेलं असतं, आणि हे परीक्षकांसकट सगळ्यांना ठाऊक असतं. मुलानं शेवटी चमकावं म्हणून ही सोय. सोनीचा आणि माझा प्रश्न ठरला होता: चित्रपटात पहारेकऱ्याच्या तोंडी गाणं का घातलं? उत्तर: करुणेला शब्द अपुरे पडतात म्हणून.

आधी एका खाजगी शाळेचा तुषार बोलला. माझ्या पुस्तिकेची तीन पानं त्यानं स्वल्पविरामासकट म्हणून दाखवली. टाळ्या पडल्या. मग सोनी उठली. राणीचा मोह आणि चरख्याचा संसार तिनं दोन वाक्यांत उरकला. मग ती थांबली, मागच्या भिंतीकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "पहारेकरी म्हणजे करुणा असं सगळे म्हणतात. पण करुणेला दिव्याची गरज नसते."

आणि तिनं सगळं सांगितलं. बोटांनी चाचपणं, दिव्याजवळ धरणं, 'हिरवा' म्हणणं. ज्याला रंग दिसत नाही त्याला राणीनं रंग ओळखायच्या कामावर ठेवलंय, आणि तो भीतभीत अंदाजानं एक शब्द बोलतो. त्या अंदाजावर यमू सुटते आणि तो सापडतो. "यमू घरी गेली म्हणून आपण पुस्तक मिटतो," ती म्हणाली, "पण सकाळ तर महालातही झाली असेल." नळ्या, सूत, कंपनी, वडील यांतलं एक अक्षरही तिनं उच्चारलं नाही. ते तिनं झाकून ठेवलं होतं.

केतकीबाईंनी चष्मा काढून हातात धरला होता. मग टाळ्या सुरू झाल्या, आणि मला दिसलं की माझ्या शेजारी बसलेली विजया, गेली दहा वर्षं माझ्यासमोर तोंड न उघडणारी सहशिक्षिका, सगळ्यांत जोरानं वाजवतेय. अर्ध्या तासानं ज्या पुस्तिकेसाठी मला शाल मिळणार होती, ती पुस्तिका एका पोरीनं माझ्या तोंडावर फाडून टाकली होती.

सूत्रसंचालक म्हणाले, "पाध्ये मॅडम, पाठीराखा प्रश्न."

मी उठले. ठरलेला प्रश्न ओठांवर होता. तो विचारला असता तर ती जिंकली होती.

"सोनी," मी म्हणाले, "पहारेकऱ्याबद्दल जे बोललीस ते तुला सुचलं कुठून? कुणाला बघून सुचलं? खरं काय ते सांग."

तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. आधी कळलंच नाही तिला. मग कळलं. तिनं भावेशभाईंकडे बघितलं, मग मागच्या भिंतीकडे, मग माझ्याकडे.

"असंच... वाचून," ती म्हणाली.

केतकीबाई पुढे झुकल्या. अगदी मायेनं म्हणाल्या, "घाबरू नकोस बाळ. फार वेगळा विचार आहे, म्हणून विचारतेय. स्वतंत्र विचाराला मी सगळ्यांत जास्त गुण देते. तुझा स्वतःचाच आहे ना? कशावरून सुचला एवढंच सांग."

"सांग की," मी म्हणाले. "वहीत लिहिलंयस ना सगळं? कोण ते लिहिलंयस."

भावेशभाई कौतुकानं हसून तिच्याकडे बघत होते. भिंतीपाशी भिका हात जोडून उभा होता. त्याच्याबद्दल चाललंय हे त्याच्या गावीही नव्हतं. पोर अडखळलीय एवढंच त्याला दिसत होतं, आणि तो मान हलवून तिला खुणावत होता, बोल, बोल.

सोनीनं माइक दोन्ही हातांनी धरला.

"मॅडमनी सांगितलं," ती म्हणाली. "हे सगळं मॅडमनी शिकवलं. माझं काही नाही."

केतकीबाईंचा चेहरा पडला. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं होतं, ते खोडलं. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा बापाचं नाव घेईल. या दोन्हींची माझी तयारी होती. हे मात्र मी धरलंच नव्हतं.

अजूनही वेळ होता. 'खोटं बोलतेय ती, हे तिचं स्वतःचं आहे, कशावरून ते मी विचारायला नको होतं,' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. सगळे माझ्याकडे बघत होते. केतकीबाई म्हणाल्या, "पाध्येबाई, हे तुमचं? पण पुस्तिकेत तर करुणा आहे."

"नव्या आवृत्तीत येणार आहे," मी म्हणाले आणि खाली बसले.

तुषार जिंकला. करुणा जिंकली म्हणायची. मला शाल मिळाली आणि केतकीबाई भाषणात माझ्याबद्दल इतकं बोलल्या की भावेशभाईंनी उठून हात जोडले. भिका टाळ्या वाजवत होता. आपली पोर हरली हे त्याला कळलं होतं, तरी वाजवत होता, कारण तिच्या मॅडमचा मान होत होता.

दाराशी सोनीनं मला गाठलं. तिचे डोळे कोरडे होते.

"मॅडम, माझी वही द्या."

"उद्या घे."

दुसऱ्या दिवशी वही दिली. तिनं तिथल्या तिथं उघडून बघितली. मधलं पान नव्हतं.

"मॅडम, ते पान?"

"मी कुणाला दाखवत नाही असं सांगितलं होतं ना?" मी म्हणाले. "मग? विश्वास नाही?"

तेवढ्यात घंटा झाली. त्यानंतर परीक्षा संपेपर्यंत तिनं एकदाही वर्गात हात वर केला नाही. मुलं तिला पहारेकरी म्हणायचीही थांबली, कारण चिडवलं तरी ती ढिम्म हलत नव्हती. त्याच उन्हाळ्यात मी निवृत्त झाले. तिला मराठीत वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले, आणि निकालाच्या आठवड्यात ती पॅकिंगला लागली.

केतकीबाईंच्या आग्रहावरून मी मंडळाच्या वार्षिक अंकात लेख लिहिला, 'पहारेकऱ्याची नजर'. वाक्यं थोडी घासूनपुसून घेतली, पण पान समोर ठेवूनच लिहिला. आयुष्यात माझ्या लेखाला पहिल्यांदाच पत्रं आली. मग प्रकाशक नव्या आवृत्तीसाठी मागे लागला.

ऑगस्टमध्ये एका दुपारी दारावर टकटक झाली. भिका होता. तोच इस्त्रीचा शर्ट, हातात कागदाची पुडी. मी त्याला आत घेतलं. या खेपेला तो बसला, खुर्चीच्या कडेवर.

"मॅडम, त्या दिवशी हॉलमा माझं ध्यान साहेबकडे व्हतं, पोर काय बोलली ते डोक्यात शिरलं नही. तुमचा लेख समाधाननं वाचून दाखवला," तो म्हणाला. "दोनदा वाचायला लावला मी त्याले. तुमाले एक सांगू का? कोनाले सांगू नका."

"सांगा."

"माले रंग दिसत नही. लाल न् हिरवा. लहानपनापासून." त्यानं पुडी मांडीवर ठेवली. "बायकोले अन् पोरले माहीत, अन् समाधानले. दुसरं कोनी नही. मी त्या लेखमाचा मानूस शे, मॅडम. तो दिवाजवळ धरस ना, तसंच मी धरस. तुमाले कसं कळलं? मी सोनीले विचारलं, तू सांगितलं का मॅडमले माझं? ती म्हणे, नही बा, मॅडमच्या डोक्यातलंच शे ते."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. जन्मात कुणीतरी त्याला ओळखलं होतं, आणि ते मी होते असं त्याला वाटत होतं. मी एक वाक्य बोलायचं होतं. तुमच्या मुलीनं लिहिलंय, तिनं ओळखलंय तुम्हाला, एवढंच. ते वाक्य ऐकून तो चाळीत परत गेला असता आणि शिफ्ट संपवून आलेल्या पोरीकडे त्यानं वेगळ्या नजरेनं बघितलं असतं.

"वाचनानं," मी म्हणाले. "खूप वाचलं की कळतं."

त्यानं मान डोलावली. मोठ्या माणसाच्या तोंडचं म्हणून ते त्याला पटलंसुद्धा.

"सोनी कशी आहे?"

"बरी शे. पहिल्या शिफ्टले गेली. हात चपळ शे तिचा, सुपरवायझर बोलला. घरी जास्त बोलत नही आता." त्यानं पुडी चाचपली. "मॅडम, त्या पहारेकरीचं मग पुढे काय झालं? सोनीले विचारलं तं म्हणे पुस्तकात नही. तुमाले माहीत असेल."

"काही झालं नाही," मी म्हणाले. "राणीला कधी कळलंच नाही."

"खरं?"

"खरं."

तो हसला. अगदी लहान मुलासारखा, सगळे दात दाखवून. मग त्यानं पुडी उघडली. आत ब्लाउजपीस होतं.

"तुमच्यासाठी. मॅडमले हिरवा खण द्यावा म्हटलं. रंगाचं काही घ्यायचं तं पोर निवडून देते, पण ती शिफ्टले व्हती. म्हटलं आज आपन एकटानं निवडू. तिथं ढीग व्हता, त्यातून बोट दाखवलं. बरोबर शे ना?"

खण लाल होता, विटकरी लाल. हिरव्याचा एक दोराही त्यात नव्हता. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

"हिरवा आहे," मी म्हणाले. "छान आहे. जा आता, तुमची बस चुकेल."

तो पाया पडून गेला. हे जर मी पुस्तिकेत लिहिलं असतं तर त्याला करुणा म्हटलं असतं. पण मला दया वगैरे काही आली नव्हती. तो लवकर जावा एवढंच मला हवं होतं, कारण नव्या आवृत्तीसाठी काढलेलं सोनीचं पान टेबलावर उघडं पडलं होतं.